वाचनालयाच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका

सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त झाली की यादीत तिच्यावर काट मारता येते. ती शोधताना भेटलेल्या माणसांवर मात्र काट मारता येत नाही. वीस वर्षांत माझ्या डोक्यात त्यांची चांगलीच गर्दी झालीय.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. विलास कागलजवळच्या एका फाउंड्रीत कॉम्प्युटर सांभाळायचा, मी कोल्हापुरात कॉलेजात शिकवायचे आणि अश्पाकचं शाहूपुरीत नेट कॅफे होतं. तिघांनी मिळून गावोगावच्या वाचनालयांसाठी पुस्तकांच्या नोंदी ठेवणारं मराठी सॉफ्टवेअर केलं. ओपन सोर्स, म्हणजे कुणीही घ्यावं, आतला कोड बघावा, हवा तसा बदलावा.

*

ते ठेवायला जागा हवी होती. परदेशातली एक साइट असे प्रोजेक्ट फुकट ठेवून घ्यायची. तिचा फॉर्म भरताना प्रश्न आला, लायसन्स कुठलं? गडहिंग्लजचे ग्रंथपाल अण्णा शेजारी बसले होते. त्यांनी पिशवीत हात घातला.

“वाचनालयाचं नोंदणीपत्र हाय की माझ्याकडं. झेरॉक्स चालती का त्यांना?”

मग विलासनं वीस मिनिटं समजावलं. लायसन्स म्हणजे आपल्या अटी: ज्यानं एकदा नेलं, ते त्याचंच, काहीही करू दे, आपण परत मागायचं नाही. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“असले सभासद आमच्यात लई हायत,” ते म्हणाले.

*

पहिली आवृत्ती कॅफेतून साइटवर चढवताना इंटरनेटची लाइन तीनदा तुटली, तीही नव्वद टक्क्यांच्या पुढं जाऊन. चौथ्यांदा अश्पाक कॅफेच्या मधोमध उभा राहिला.

“पावणं, धा मिनिटं कुणी काय उघडू नका. ह्यांचं सॉफ्टवेअर परदेशी चाललंय.”

सहा गिऱ्हाइकं आपापलं काम सोडून आमच्या मागं येऊन उभी राहिली. शंभर टक्के झाल्यावर त्यातल्या एका आजोबांनी काळजीनं विचारलं, “उतरून घ्यायला कोण आलंय का तिकडं?”

*

दर दोन महिन्यांनी नुसत्या दुरुस्त्यांची आवृत्ती काढायची, असं ठरलं. विलासचा नियम कडक होता: तीत नवीन सोय एकही घालायची नाही. कागलच्या ग्रंथपाल शिंदेबाई पडद्यावरचं अक्षर मोठं करून मागत होत्या.

“बाई, ती नवीन सोय झाली. दिवाळीनंतर बघू.”

“दिसत न्हाय म्हणून काल एकाचं पुस्तक मी दुसऱ्याच्या नावावर टाकलं. ही सोय हाय का चूक?”

विलासनं वही काढली आणि पहिल्या नंबरवर लिहिलं, चूक.

*

त्याच सुमारास अण्णांचा फोन आला. आमचं सॉफ्टवेअर ‘ज्ञ’ची पुस्तकं ‘ज’मध्ये दाखवत होतं. “वाचक शेवटच्या कपाटापाशी उभा, आणि तुमची यादी त्याला मधल्या कपाटाकडं धाडतीय.”

दोन महिन्यांनी दुरुस्ती गेली. अण्णांचा परत फोन.

“तुमच्या यादीपरमाणं मी सगळी ‘ज्ञ’ची पुस्तकं ‘ज’च्या कपाटात हलवलीती. आता परत हलवू व्हय?”

*

शाहूवाडीकडच्या एका वाचनालयात इंटरनेट नव्हतं. तिथले ग्रंथपाल चुका पोस्टकार्डावर कळवायचे आणि मी त्या साइटवरच्या यादीत टाकायचे. एकदा त्यांनी लिहिलं, “एका वाचकाचं पान उघडलं की सॉफ्टवेअर बंद पडतं. बाकी सर्वांचं ठीक.”

एकाच माणसाशी असं का व्हावं, काही कळेना. रविवारी विलास आणि मी एसटीनं तिथं गेलो.

ती वाचक म्हणजे हौसाबाई. पन्नाशीच्या, भातशेती करणाऱ्या. ग्रंथपालांनी बोलावून घेतलं, तर दारातच थांबल्या.

“मी आले की मशीन बंद पडतंय. म्हणून तीन आठवडं झालं, पुस्तकच नेलं न्हाय मी.”

विलासनं कोड उघडला. अर्ध्या तासानं मान वर केली, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. एका वाचकाच्या नावावर दोनशे पंचावन्न पुस्तकांची नोंद मावेल, एवढीच जागा त्यानं ठेवली होती. ग्रंथपालांनी जुन्या रजिस्टरातल्या नोंदीही चढवल्या होत्या, आणि हौसाबाईंनी दोनशे छप्पन्नावं पुस्तक नेलं होतं.

“चूक माझी आहे, मावशी,” तो म्हणाला. “कुणी इतकं वाचत असेल, असं वाटलंच नाही मला.”

दुरुस्ती त्यानं तिथंच बसून केली. मग हौसाबाईंना आत बोलावून त्यांचं पान उघडून दाखवलं.

“आता पासष्ट हजार पुस्तकं नेलीत तरी बंद पडणार नाही.”

हौसाबाईंनी भिंतीलगतच्या कपाटांकडं एकदा बघून घेतलं.

“पर हितं सगळी मिळून सातशेच हायत की.”