रुळांवरून माहेरी

गॅलरीच्या गजाला हात लागला, तळव्याला गंजाचा वास आला आणि मी नाशिकजवळच्या त्या बंद पडलेल्या रुळांवर जाऊन पोचले. तीस-पस्तीस सालचा सुमार. मी नवी सून.

धरणाला दगड वाहणारी गाडी केव्हाच थांबली होती. रुळांत गवत वाळलेलं. पुढे सासूबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून, काखेत गाठोडं. एवढं नटून रानात कुठे, हे मला काही केल्या कळेना.

“आत्याबाई, कुठं चाललोय आपण?”

“माझ्या माहेरी.”

रूळ संपले तिथे धरणाचं तळं. उन्हाळ्यानं पाणी ओसरून चिखलातून एका घराचं जोतं वर आलं होतं. सासूबाई त्यावर जाऊन बसल्या. गाठोड्यातले खण, नारळ, तांदूळ माझ्या हातात दिले.

“माहेराहून बिनओटीचं निघायचं नाय. तू भर.”

मी ओटी भरली, तशा त्या वाकून माझ्या पाया पडल्या. सासू सुनेच्या पाया? मी घाबरून पाय मागे घेतले.

त्या आईच्या पाया पडत होत्या, हे कळायला माझं स्वतःचं माहेर संपावं लागलं.