दादाच्या पोस्टरवरचा इंग्रजी शब्द

हसू नका हं, पण दादाला जाऊन आठवडा झाला नव्हता आणि मी त्याची अब्रू खळ लावून अख्ख्या अंबत्तूरच्या भिंतींवर चिकटवली!

आमच्या चेन्नईत माणूस गेला की त्याचं पोस्टर लागतं. वर फोटो, खाली विशेषणं. मेलेला प्रत्येक जण इथे सिंह, नाहीतर वाघ. आणि आमचा दादा? झुरळालासुद्धा वाट देतो. म्हणजे... द्यायचा. फारच चिडला तर माझ्या कायम उघड्या शर्टाकडे बघून म्हणायचा, "बटणं लाव रे." संपला राग!

प्रेसवाल्या सेल्वमने विचारलं, "तंबी," म्हणजे इथल्या तमिळमध्ये धाकट्या भावा, "काय छापू? सिंह?"

मला दादाच्या ऑफिसातली शोकसभा आठवली. साहेब इंग्रजीत म्हणाले होते, 'फॉर्मिडेबल'. सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यात जोरात मी. सातवी नापास माणसाची मान इंग्रजीपुढे आपोआप हलते!

"फॉर्मिडेबल टाका. मोठ्ठं!"

"अर्थ काय?"

"तोही मोठ्ठाच असणार!"

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर रुक्मिणी टीचर पोस्टर वाचत उभ्या. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, तंजावरच्या मराठी घरातल्या, जन्मभर इंग्रजी शिकवलेलं. कौतुकाने म्हणाल्या, "बाळा, लॅटिनमधून आलाय हा शब्द. मुळात भय, दहशत. ज्याला पाहून धडकी भरते तो फॉर्मिडेबल. आता मात्र..."

'आता मात्र' ऐकायला थांबतोय कोण? माझा दादा काय गुंड होता? धरलं पोस्टर आणि टराटरा फाडलं! मग शेजारचं. मग अख्खी भिंत!

रिक्षावाले धावून आले. "डेय! मेलेल्या माणसाचं पोस्टर फाडतोस? कोण रे तू?"

"भाऊ आहे त्याचा!"

"पुरावा काय?"

पुरावा होता की! पोस्टरच्या तळाशी, 'शोकाकुल' म्हणून माझाच फोटो. नेमका तोच आधी फाडला होता.

त्यांनी मला दंडाला धरून घरी आणलं. दारात वहिनी. मागून धापा टाकत टीचर. "अरे मूर्खा, पुढचं ऐकशील का? आता त्याचा अर्थ, ज्याच्या कर्तबगारीचा समोरच्याला धाक वाटावा असा!"

"धाक? दादाचा? अहो, त्याला कोण घाबरायचं?"

वहिनीने माझी मूठ उघडली. आत चुरगळलेला दादाचा चेहरा. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

"कोण म्हणजे? हे असते, तर असं उघड्या छातीने भर रस्त्यात नाचला असतात का, भाऊजी?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर रिक्षावाले खो खो हसायला लागले. खाली बघतो तर काय! माझी बोटं मुकाट्याने शर्टाची बटणं लावत होती. पार गळ्यापर्यंत.