डाव्या बैलाचं नाव

जानेफळच्या रस्त्यावर बैलजोडी आता क्वचित दिसते. पण बाजाराच्या कडेला, लिंबाखाली मतीनचं ऑनलाइन सेंटर आहे, तिथल्या कॉम्प्युटरमध्ये मात्र पंचक्रोशीतले बैल अजून दाटीवाटीनं उभे आहेत. पीकविम्याचे अर्ज आणि आधारकार्डांच्या झेरॉक्स उरकल्या की मतीन ती वेबसाइट उघडतो. 'जोडी' असं तिचं नाव. दुपारची वेळ, पंखा कुरकुरतोय, बाहेर श्रावणातलं ऊन येतंय नि जातंय, आणि पडद्यावर एकामागून एक बैल येतात. शिंगांना बेगड, कपाळावर गोंडा, डोळे अर्धे मिटलेले. बघता बघता मतीनला डुलकी लागते. डुलकीत ते बैल पडद्यातून खाली उतरतात, दुकानाची पायरी ओलांडतात आणि रस्त्याला लागतात. नव्या नालांचा टपटप आवाज मेहकरच्या दिशेनं लांब जात राहतो. जाग येते तेव्हा समोर कुणीतरी सातबारा पाहिजे म्हणून ताटकळत उभं असतं.

हे बैल त्याच्या अब्बांचे. म्हणजे मालकीचा एकही नव्हे. शकूर नालबंदानं जन्मभर दुसऱ्यांच्या बैलांना नाल ठोकले, स्वतःच्या दाराशी बैल कधी बांधला नाही. खांद्यावर पिशवी, पिशवीत हातोडी, खिळे आणि नाल, अशी स्वारी गावोगाव हिंडायची. बैलाला दोरानं अलगद आडवं करायचं, पाय बांधायचे आणि खुराला नाल ठोकताना त्याच्या कानाशी बोलत बसायचं. काय बोलायचे ते बैलालाच ठाऊक.

पण गावाला शकूर नालबंदाचं खरं काम होतं ते वेगळंच. कुणाचा एक बैल दगावला की दुसरा रिकामा बसून खायचा, आणि वावरात तण माजायचं. अशा वेळी शकूर सांगायचे, "अमक्याच्या घरी उजवा एकटा हाय, तुह्या घरी डावा. सावड करून घ्या, दोघं मिळून जुपा." बैल म्हणजे काही खुर्ची नव्हे, कुठंही नेऊन मांडायला. उजवीकडे चालायची सवय लागलेला बैल डावीकडे जुंपला तर तो रुसतो, जू टाकून देतो. कुठल्या गावात कुणाचा बैल कोणत्या बाजूचा, हे शकूर नालबंदाला तोंडपाठ. माणसांची लग्नं जुळवणाऱ्याला निदान लाडू मिळतो, यांना कपभर चहा मिळायचा आणि त्यातच ते खूश असायचे.

पुढं गुडघे वाकेनात, हिंडणं थांबलं. मतीन त्या वेळी औरंगाबादला कंपनीत कामाला होता. गावातल्या हर्षलनं, नव्यानंच कॉम्प्युटर शिकून आलेल्या पोरानं, याच लिंबाखाली कॉम्प्युटर मांडून ही वेबसाइट काढून दिली. एकटा बैल असलेल्यानं तिच्यावर आपला बैल टाकायचा, बाजू सांगायची, जोडीदार शोधायचा. पोळ्याला प्रत्येक जोडीचा फोटो लागायचा. आता खातं कुणाच्या नावानं उघडायचं, यावरून घराघरात भावाभावांची जुंपली. थोरला म्हणे माझ्या, धाकटा म्हणे माझ्या. शेवटी शकूर नालबंदांनीच तोडगा काढला. खातं उजव्या बैलाच्या नावानं, आणि पासवर्ड डाव्याचं नाव.

आता याला काय म्हणावं! पासवर्ड म्हणजे गुपित, आणि इथं तो रोज सकाळी वावरातून हाळी घालून सांगितला जायचा. वर हर्षलचा कडक नियम असा, की एकजण पासवर्ड टाकत असताना बाकीच्यांनी तोंड फिरवायचं. सगळे शिस्तीत लिंबाकडे तोंड करून उभे राहायचे, आणि पासवर्ड साऱ्या शिवाराला पाठ! डावा बैल गेलेल्यांचा पासवर्ड मात्र मेलेल्या बैलाचं नाव असायचा. तो टाकताना माणसं जरा हळू टाकायची.

एवढ्या वर्षांत ट्रॅक्टर आले, हर्षल पुण्याला गेला, मतीन गावी परतला. वेबसाइटची आतली सिस्टीम मात्र होती तीच राहिली. सर्व्हर ज्या कंपनीचा होता ती वर्षभर कळवत होती: ही सिस्टीम फार जुनी झाली, नवी बसवून घ्या. मतीन म्हणायचा, बघू पुढच्या महिन्यात. बैल गेला नि झोपा केला, अशी आपल्याकडची रीतच आहे. मग एक दिवस कंपनीनं साइटला कुलूप घातलं. बघता येईल, नवं काही टाकता येणार नाही, आणि महिनाअखेरीला सगळंच पुसलं जाईल.

कुलपाची पहिली झळ लागली गोजरबाईला. तिचा डावा बैल पावसाळ्याच्या तोंडीच गेला होता. उजवा वजीर एकटाच, आणि सोयाबीनमध्ये तण गुडघ्याला लागलेलं. ओल्या वावरात ट्रॅक्टर घालायची सोय नाही. ती दुकानाच्या पायरीवर येऊन बसली.

"मतीन, कधी चालू होईन रे थे तुही साइट? तन काढाले डवरा धराचा हाय, बैल पाह्यजे मले. शकूरभाऊ सांगत जाय तवा बरं होतं."

"करून राह्यलो ना मावशी."

"करून राह्यलो म्हनता म्हनता वावर गेलं माह्यं."

मतीन कामाला लागला. आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवली, मग आपल्याच कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम बसवून तिच्यात जुनी पानं ओतली. फोटो आले, नावं आली. पण नव्या सिस्टीमला जोडी म्हणजे काय हे कुठून कळणार? तिनं साऱ्या बैलांना शाळेच्या हजेरीसारखं अक्षरक्रमानं उभं केलं. चांद्या एकीकडे, त्याचा जिवल्या भलतीकडे. नुसत्या बैलांची गर्दी, जोडी एकही नाही.

मग रोज दुपारी अब्बा दुकानात येऊन बसू लागले. नजर अधू झालेली, तरी पडद्याला नाक लावून बघायचे. "हा पिस्तुल्या. याच्या डाव्या अंगाले लाख्या पाह्य. लाख्या आधी पाय उचले, मंग हा." मतीन लाख्याला ओढून पिस्तुल्याशेजारी आणायचा. "हा मोऱ्या. याच्याजवळ कोनाले नको ठेवू, थोडा थांब. तांबडा येऊ दे." तांबडा यायचा. दोघं बापलेक अर्ध्या झोपेत, अर्ध्या जागेपणी गेलेल्या बैलांना पुन्हा जुंपत बसायचे. कधी मतीनला वाटायचं, बाहेर घुंगरं वाजताहेत. तो मान वळवून बघायचा, तर रिकामा रस्ता आणि लिंबाची हलणारी सावली. अब्बा हसून म्हणायचे, "मले बी आयकू आलं."

मतीनला ते दिवस फार आवडले. अम्मी गेल्यापासून अब्बा इतकं बोलले नव्हते.

सगळ्या जोड्या लागल्या. आता नवं रूप सर्व्हरवर चढवायचं तेवढं राहिलं. आणि तिथं गाडं अडलं. कंपनी म्हणाली, साइट ज्यांनी उघडली त्यांनी आपल्या मुख्य खात्यातून आत येऊन होकार द्यावा. त्याशिवाय आम्ही हात लावणार नाही, तुम्ही मुलगा असा नाहीतर जावई असा. मुख्य खातं शकूर याच नावानं होतं. पासवर्ड विसरल्याचं कळवावं, तर उत्तर हर्षलच्या जुन्या मेलवर जाणार, आणि तो मेल कधीच बंद झालेला.

"अब्बा, तुमचा पासवर्ड काय होता?"

अब्बांनी पडद्यावरची नजर काढली. बाहेर बघत म्हणाले, "याद नाई बेटा."

मतीन धास्तावला. शेजारच्या गल्लीतले एक म्हातारबा असेच आधी छोट्या गोष्टी विसरायला लागले आणि शेवटी स्वतःचं घर विसरले. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं. तेच उत्तर. मग त्यानं अब्बांच्या लाडक्या बैलांची नावं एकेक करून टाकून पाहिली. लाख्या नाही, तांबडा नाही, जिवल्या नाही. खातं चिडलं आणि उद्यापर्यंत बंद झालं.

तिसऱ्या दिवशी गोजरबाई पुन्हा येऊन गेली. नुसती पायरीवर बसली आणि उठून गेली. मतीनचा तोल सुटला.

"अब्बा, साऱ्या इलाख्याचे बैल याद हायेत तुमाले. कोन आधी पाय उचले थेही याद हाय. अन् आपला एक शब्द याद नाई?"

अब्बा खाली बघून खिळ्यांनी टोचलेला आपला अंगठा चोळत राहिले. तेव्हा मतीनला कळलं, अब्बा विसरलेले नाहीत. ते सांगत नाहीत. आधी भीती वाटत होती, आता राग आला, आणि रागानं तो दिवसभर जेवला नाही.

संध्याकाळच्या आधी त्यानं हर्षलला फोन लावला. हर्षल आधी खूप हसला.

"काकांचा पासवर्ड? मले कसा माहीत असन बे! मी तोंड फिरवलं होतं. अन् काकांनी टाकलाच नाही तो, काकूनं टाकला. काका म्हणाले, मले बैल नाई तं जोडी कोठून आनू, उजवा मी. डावीकडलं तूच टाक. मंग काकू हसल्या, अन् मले टाइप केल्याचा आवाज आला. बस."

मतीननं फोन ठेवला.

अब्बांनी अम्मीला नावानं हाक मारलेली त्यानं जन्मात ऐकली नव्हती. तो जन्मायच्या आधी म्हणे ते ऐरणीवर हातोडी दोनदा वाजवायचे, की ती बाहेर यायची. तो झाल्यावर 'मतीनची अम्मी' झाली. त्या पिढीत सगळ्यांचंच असं. बायकोचं नाव चारचौघांत घेणं म्हणजे बेअदबी. ती गेली त्या आठवड्यात दोघं बापलेक मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेले, तर तिथल्या माणसानं मयताचं नाव विचारलं. अब्बांनी तोंड न उघडता तिचं आधारकार्ड पुढं सरकवलं होतं. मतीनला तेव्हा वाटलं, दुःखानं बोलवत नसेल.

आता डावीकडलं नाव कोणतं, ते त्याला कळलं होतं. बोटं कीबोर्डवर गेलीसुद्धा. पण त्याच्यानं टाकवेना. ते नाव त्यानं परस्पर टाकावं, हे काही खरं नव्हे. तो अब्बांना बोलवायला घरी गेला आणि हाताला धरून दुकानात घेऊन आला. दिवस मावळतीला टेकला होता, रस्त्यावर धूळ सोनेरी झाली होती, आणि कुणाच्यातरी शेळ्या-बकऱ्यांची रांग घराकडे निघाली होती.

"हर्षलशी बोललो मी," मतीन म्हणाला.

अब्बा समजले. खुर्चीत बसले, हात मांडीवर ठेवले. "ती समोर होती तवा कधी नाव घेतलं नाई मतीन. आता तिच्या मांगं कसं घेऊ?"

"मांगं कायचं अब्बा? अम्मी तं आत हाय. आपुनच भाईर उभे हावो."

मतीननं पडदा त्यांच्यापुढं वळवला, नियमाप्रमाणं उठला, आणि लिंबाकडे तोंड करून उभा राहिला. पाठीमागं कीबोर्ड वाजण्याची तो वाट बघत होता. अब्बांना टाइप करता येत नाही, हे त्या क्षणी त्याच्या ध्यानातच नव्हतं.

कीबोर्ड वाजला नाही. वावरातून बैल घरी परतायला लागला की मालक लांबून हाळी देतो, ओरडून नव्हे, नुसतं कळावं एवढ्यापुरती, तशी हाळी आली.

"खुर्शीदा."

मतीन वळला नाही. लिंबाची पानं त्याला नीट दिसेनाशी झाली होती. तो रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

"खुर्शीदा," अब्बा पुन्हा म्हणाले. या वेळी जरा मोठ्यानं, आवाजाला सवय व्हावी तसे.

मग मतीन येऊन बसला आणि त्यानं ते नाव टाकलं. खातं उघडलं. होकार गेला. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू सरकत राहिली, आणि तिच्यामागून एकेक जोडी आपापल्या जागी येऊन उभी राहिली. पट्टी संपली. वजीर एकटा होता, त्याच्या डाव्या बाजूला जागा मोकळी. मतीननं गोजरबाईचं गाव, बैलाची बाजू आणि फोन नंबर भरला. थोड्याच वेळात बीबी गावाकडच्या कुणा पंचफुलाबाईचा डावा बैल समोर आला. तोही एकटाच होता. अब्बा पडद्याला नाक लावून म्हणाले, "चाल सारखी वाटते. सांग गोजरबाईले."

तेवढ्यात नव्या सिस्टीमनं शेवटचं कलम काढलं. जुना पासवर्ड फार सोपा आहे, तो चालणार नाही. नवा द्या. मतीननं वाचून दाखवलं.

"नवा कायले?" अब्बा म्हणाले. "हाच ठेव."

"हाच नाई चालत म्हनते अब्बा. यात एखादा आकडा पाह्यजे म्हनते."

अब्बांनी थोडा विचार केला. बाहेर अंधारून आलं होतं, लिंबावर चिमण्या गप्प होत चालल्या होत्या.

"मंग एक टाक," ते म्हणाले. "एकच होती."

मतीननं अम्मीच्या नावापुढं एक लिहिलं, आणि मशीननं ते मान्य केलं.