दोनदा मोजलेली जोडी

कॉन्स्टन्टिन शहराच्या विद्यापीठात लमीन बूशमाल, आदराने सी लमीन, यांचा सत्कार ठरला, तेव्हा विभागप्रमुख मुराद यांनी फलकासाठी एकच आकडा मागवला. लमीन यांनी शहाऐंशी साली लिहिलेल्या शोधनिबंधाचा जगभरात किती जणांनी संदर्भ दिला, तो. तीनशे बारा.

"आपल्या अख्ख्या विभागाचे मिळून एवढे होत नाहीत, सी लमीन," मुराद म्हणाले. "तुम्ही फक्त या, मानाचा झगा, बुर्नूस, पांघरून घ्या. भाषण आटोपशीर ठेवा. लोकांचा डोळा मकरूद मिठाईच्या ताटावर असतो."

लमीन सत्तरीचे. बायको वारलेली, दोन्ही मुलं मॉन्ट्रियलला. पुंजभौतिकीतला एकच प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला: कणांची नाजूक अवस्था भोवतालचा धक्का लागून मोडते, ती किती वेळात? नव्वदच्या दशकात देशात यादवी पेटली, गोळीबार सुरू झाला, सहकारी एकेक करून देश सोडून गेले, परदेशी नियतकालिकं यायची थांबली. लमीन राहिले. सहा वर्षं त्यांच्याशी या विषयावर बोलेल असा एकही माणूस शहरात नव्हता. स्वतःची गणितं स्वतःच तपासायची सवय त्यांना तेव्हाच लागली.

भाषणासाठी त्यांनी जुना निबंध काढला आणि पहिल्या ओळीपासून हाताने पुन्हा सोडवायला घेतला. चौथ्या पानावर पेन थांबलं. कणांच्या जोड्यांची बेरीज करताना त्यांनी प्रत्येक जोडी दोनदा धरली होती. एकदा पहिला-दुसरा म्हणून, एकदा दुसरा-पहिला म्हणून. म्हणजे धक्का दुप्पट धरला गेला होता; प्रत्यक्षात निबंधात दिलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ ती अवस्था टिकत होती. छत्तीस वर्षं हे असंच छापलेलं होतं.

मग त्यांनी त्या तीनशे बारांपैकी मिळतील तेवढे निबंध वाचले. आठवडा गेला. बहुतेकांत त्यांचं नाव पहिल्याच परिच्छेदात, आणखी चार नावांच्या रांगेत. चौथ्या पानापर्यंत कोणी गेल्याची खूण कुठेच नव्हती. चुकीपेक्षा हे त्यांना जास्त लागलं.

समोरच्या खोलीत नजीबा बसायची. एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी, आता स्वतः प्राध्यापक; त्यांना अजूनही 'शेख', म्हणजे गुरुजी, म्हणायची. रोज दहा वाजता दोघं संत्र्याच्या फुलांचं पाणी घातलेली कॉफी घेत. लमीन यांनी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो धड पाहिलाही नाही. उठली, कपाटातून एक जुनी छायाप्रत काढली. चौथ्या पानाच्या समासात पेन्सिलीने तीच दुरुस्ती होती. खाली तारीख, दोन हजार तीनची.

"एकोणीस वर्षं?" लमीन म्हणाले.

"शेख, मी तुमची चूक काढायची? मला घरात वळण लावलेलं आहे."

"कॉफीत साखर जास्त झाली, तर लगेच सांगतेस."

"ती कॉफी असते, शेख."

"मला वाटत होतं, कोणी वाचलंच नाही."

नजीबाने छायाप्रत घडी घालून पुन्हा उलगडली. "दुरुस्ती गुपचूप पाठवून द्या ना. मुरादने फलकसुद्धा छापून घेतलाय."

"सत्कारातच सांगणार. चूक तू पकडलीस, हेही."

"म्हणजे लोक म्हणणार, ज्यांनी शिकवलं त्यांच्याच डोक्यावर मिरी वाटली!"

लमीन यांनी आपला कागद उचलला आणि ते निघून गेले. नंतरचे चार दिवस ते कॉफीला गेले नाहीत. नजीबाच्या मेजावर दुसरा कप पालथा राहिला.

सत्काराच्या दुपारी मुराद यांनी पांढरा बुर्नूस त्यांच्या खांद्यांवर चढवला. लमीन फळ्याकडे वळले, चूक दाखवली, नजीबाचं नाव आणि साल सांगितलं. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतून कोणी म्हणालं, "केवढा हा विनय!"

"विनय कसला? बेरीज चुकली आहे," लमीन म्हणाले आणि त्यांनी नवं गणित शेवटच्या ओळीपर्यंत मांडलं. "कोणाला काही विचारायचंय?"

बहुतेक माना मागे वळल्या. मागे कपबशा मांडल्या जात होत्या. लमीन यांनी खडू ठेवायला हात पुढे केला.

"शेख." नजीबा उभी होती. "तिसऱ्या ओळीत ऋण चिन्ह राहिलंय."

"नजीबा, खाली बस," मुराद दबक्या आवाजात म्हणाले.

लमीन यांनी फळा पाहिला. चिन्ह खरंच राहिलं होतं. त्यांनी ते घातलं. "आणखी?"

"शेवटची ओळ मला पटलेली नाही."

"का?"

ती पुढे आली आणि तिने खडू उचलला. मुराद यांनी घाईघाईने समारोप केला, लोक ताटांकडे निघाले. लमीन यांनी नव्या बुर्नूसच्या टोकाने अर्धा फळा पुसून तिला जागा करून दिली.

ओळ बरोबर होती. नजीबाला ते पटायला वीस मिनिटं लागली. तोवर सभागृहात खुर्च्याच तेवढ्या उरल्या होत्या.