रेहाना फळ्यासमोर अडायची

रेहाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होते. तिची सून म्हणाली, "बाई, अम्मी पहाटे गेल्या…" आणि मग, स्वतःला सावरून, "वर्गाच्या मुलांना काय सांगू?"

माझ्या लेकरांनो, तुम्ही तिकडे दूर परदेशात. व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे बसून हसणारी बाई, एवढीच ती तुम्हाला ठाऊक. आम्ही दोघी एकाच शाळेत गणित शिकवायचो. निवृत्तीनंतर भिवंडीतल्या हुशार मुलांसाठी तिच्या घरच्या पॉवरलूमच्या कारखान्यावरच्या खोलीत वर्ग सुरू केला. शुक्रवारी लूम बंद, तेवढीच शांतता. मुलं भराभर गणितं सोडवत, आम्ही आणखी अवघड घालत असू. आम्हाला त्याचा अभिमान होता.

दर वर्षी रेहाना जुन्या विद्यार्थ्यांना बोलावी. त्यांनी बोलायचं, आपण ऐकायचं, मध्ये आपली बाजू मांडायची नाही, हा तिचा नियम. एका वर्षी दापोड्याचा नीलेश आला. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी नापास होऊन तो गोदामात ड्युटीला लागला होता.

"टीचर, इथे आम्हाला सगळं यायचं," तो म्हणाला. "न आल्यावर काय करायचं, ते कुणी दाखवलंच न्हाय. कॉलेजात पहिल्यांदा अडलो. वाटलं, आपली हुशारी खोटीच होती."

मी काही बोलणार, तोच रेहानाने माझा हात दाबला…

पुढच्या शुक्रवारी तिने फळ्यावर असं गणित लिहिलं, जे तिला स्वतःलाच येत नव्हतं. मुलांसमोर ती अडली, खोडलं, पुन्हा अडली. असे कितीतरी शुक्रवार. एक पालक मला जिन्यात म्हणाले, "टीचरलाच येत नाही, तर पोरं कशाला धाडायची?" काही मुलं यायची थांबली. वर्ग मोडेल, असं मी तिला म्हटलं.

"मोडू दे," ती म्हणाली. "तू काय, उत्तर हातात असल्याशिवाय घराबाहेरही पडणार नाहीस."

वर्ग मोडला नाही. नीलेशही शुक्रवारी मागच्या बाकावर येऊन बसू लागला. पुढे त्याने परीक्षा पुन्हा दिली.

तिचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी एकटीने वर्ग घेतला. नीलेशला म्हटलं, मी न पाहिलेलं एखादं गणित घाल. त्याने घातलं. तीन ओळींवर माझा हात थांबला.

"बाई, नाही येत?" पुढच्या बाकावरच्या सानियाने विचारलं.

"नाही येत."

"मग सरका जरा," म्हणत ती खडू घेऊन शेजारी उभी राहिली. चौथ्या ओळीवर तीही अडली, आणि सगळे बाक पुढे ओढले गेले.

संध्याकाळपर्यंत ते सुटलं नाही. मुलं गेल्यावर सून डस्टर घेऊन आली. "पुसू का?"

"नको," मी म्हटलं. "अर्धं गणित तुझी अम्मी कधी पुसू द्यायची नाही."

उद्या खाली लूम सुरू होतील, भिंती थरथरतील, खडूची थोडी भुकटी खाली झडेल. गणित शुक्रवारपर्यंत तिथेच राहील.