सुट्टीत मारलेली फक्की

मार्चमधल्या एका सकाळी माझा मुलगा घर सोडून निघाला, तेव्हा मी दाराशी पूर्ण तयारीनं उभी होते. एरवी इथं, टोकियोजवळच्या ग्योतोकुमध्ये, मी फक्त गणपतीत साडी नेसते, ती नेसले होते. एका हातात दह्याची वाटी, दुसऱ्या हातात चमचा, चेहऱ्यावर धीर. आदल्या दिवसापासून मी ह्या प्रवेशाची मनातल्या मनात तालीम करत होते. तन्मय देवाला नमस्कार करेल, मी त्याच्या हातावर दही-साखर घालीन, तो माझ्यासमोर वाकेल, मी त्याच्या, टीमच्या रिवाजानं तुळतुळीत केलेल्या डोक्यावरून हात फिरवीन आणि रडणार नाही. शेवटच्या भागाची तालीम जरा जास्तच झाली होती.

त्यानं देवाला नमस्कार केला, दही खाल्लं, तळहात चाटला आणि सरळ जाऊन बूट घातले. इथंच नाटक फसलं. जपानी घरात दाराच्या आत बुटांसाठी एक खोलगट चौकोन असतो आणि तिथं एकदा बूट चढवले की परत वर घरात पाऊल टाकायचं नसतं. मी वर, पावलं जुळवून उभी. तो खाली, लेस बांधतोय. मी एक पाऊल जरासं पुढे सरकवलंसुद्धा. त्यानं ते पाहिलं नाही. दार उघडून तो बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये गेला, खांद्यावरची भलीमोठी बॅग खाली ठेवली, टोपी काढून छातीशी धरली आणि कमरेतून वाकला. मॅच संपल्यावर समोरच्या टीमला करतात तसा, लांबून, ताठ पाठीनं. मग टोपी घातली, "आई, येतो," म्हणाला आणि लिफ्टकडे गेला. प्रसाद, म्हणजे माझा नवरा, दुसरी बॅग घेऊन त्याच्या मागे.

उरलेलं दही मी उभ्या उभ्या खाल्लं. मग जी रडले ती साडीच्या पदराची पार वाट लावली. तो गेला ह्याचं दुःख होतंच, पण परक्याला करावा तसा नमस्कार करून गेला, हे मला सोसेना. अठरा वर्षं ज्याचे मोजे उलटे करून धुतले, त्यानं मला समोरची टीम करून टाकलं!

तिकडे मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुम्हाला हे सगळं सांगायचं कारण असं की घरातून निघण्याच्या बाबतीत आमच्या घराण्याचा इतिहास काही बरा नाही.

मी कराडहून निघाले ती मे महिन्यात. लग्न नुकतंच झालेलं, प्रसाद आधीच टोकियोला येऊन पोचलेला, कंपनीचं काम दोन वर्षांचं. जीप दाराशी आली, शेजारपाजार जमला, आईनं हातावर दही घातलं आणि म्हणाली, "सारखं मागं वळून बघू नको, मान आखडेल." सगळे होते. अण्णा नव्हते. माझे वडील अण्णा शाळेत खेळाचे मास्तर होते. आमचं अख्खं बालपण त्यांच्या शिट्टीवर गेलं. मी त्यांच्याच हाताखाली खो-खो खेळले, जिल्ह्यापर्यंत गेले, दोन्ही गुडघे फोडून घेतले. आणि मी देश सोडून निघाले, तर हा माणूस घरात नाही! आई म्हणाली, "त्यांना असलं जमत नाही. तू जा."

जीप शाळेवरून गेली तेव्हा ते दिसले. रणरणत्या उन्हात, रिकाम्या मैदानावर, फक्कीचा डबा घेऊन. पांढरी फक्की टाकत ते खो-खोचं मैदान आखत होते. शाळेला सुट्टी, मुली आपापल्या मामाच्या गावाला, गेटला कुलूप, आणि अण्णा वाकून रेषा सरळ आली का ते बघतायत. मी हाका मारल्या. त्यांनी मान वर केली नाही. मी मात्र मागे वळून बघत राहिले आणि आई म्हणाली होती तशी मान चांगली दोन दिवस आखडली.

त्या दोन वर्षांची चार झाली, मग कुणी मोजेना. तन्मय इथंच जन्मला. आम्ही राहतो त्या चारमजली साध्या इमारतीला इथले लोक मॅन्शन म्हणतात. पहिल्या पत्रात मी तसंच लिहिलं तेव्हा कराडात माझी इज्जत एकदम वाढली होती. कुठल्या वारी जळणारा कचरा आणि कुठल्या वारी प्लॅस्टिक, हे मला मंगळागौरीच्या गाण्यांपेक्षा जास्त पाठ झालं. प्रसाद रोज सकाळी तोझाई लाइनच्या मेट्रोच्या गर्दीत शिरून ऑफिसात प्रसाद-सान होऊ लागला. आणि तन्मय तिसरीत असताना शाळेतल्या मित्राबरोबर एदोगावा नदीच्या काठावरच्या मैदानात गेला, तो संध्याकाळी चिखलाचा पुतळा होऊन परत आला आणि म्हणाला, "आई, यक्यू!" म्हणजे बेसबॉल.

अण्णांना आधी हा खेळ अजिबात पटला नाही. व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "बॅट गोल कशी काय? आणि ते जमिनीवर पोळपाट कशाला ठेवलेत?" पण तन्मय कॅचर झाला आणि सगळं बदललं. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो तो. अण्णांनी त्याला तसं बसलेलं पाहिलं आणि कराडात खुर्चीतून उठून उभे राहिले. "अगं, हा तर आपला बसणारा! खो-खोतला! टाच बघ त्याची, टाच उचललेली आहे!" त्या दिवसापासून नातू त्यांचा झाला. दर रविवारी ते फोनवरून त्याच्या टाचा तपासायचे.

मीही खेळाडूची आई झाले. इथं हा पूर्ण वेळचा व्यवसाय आहे. आयांनी आळीपाळीनं मैदानावर चहा द्यायचा असतो. चहा म्हणजे जवाचं गार पाणी. माझ्या पहिल्या पाळीला मी भाबडेपणानं आलं घातलेला उकळता दुधाचा चहा थर्मास भरून नेला. जूनमध्ये. कोच-साननी एक घोट घेतला, कपाळाला घाम फुटला, तरी ते टोपी काढून वाकले आणि दुसरा कप मागितला. पुढे ठरूनच गेलं: उन्हाळ्यात जवाचं पाणी, हिवाळ्यात तन्मयच्या आईचा चहा. त्याचे कपडे मशीनला द्यायच्या आधी मी ब्रशनं घासायची, बाथरूममध्ये बसून, कराडच्या घाटावर बायका बसायच्या तशीच. हायस्कूलला गेल्यावर पहाटे पाचला प्रॅक्टिससाठी निघायचा. त्याच्या हातात तीन डबे द्यायचे, तो दारातून "इत्तेकिमास", म्हणजे जाऊन येतो, असं ओरडायचा, दार लागायचं आणि मी गॅसकडे वळायची. प्रसादचा डबा असायचा ना.

मला ह्या सगळ्याचा एक शेवट ठाऊक होता. तन्मयची बारावी झाली की आम्ही कराडला परत जाणार होतो. अण्णांना शब्द दिला होता. आई गेल्यावर ते एकटेच राहतात. त्यांनी वरच्या मजल्यावर आमच्यासाठी खोली बांधून घेतली, आणि गच्चीवर चारही बाजूंनी मासेमारीची जाळी बांधली, नातवाला बॉल मारायला. "शेजाऱ्यांच्या काचा वाचवायला," असं ते म्हणायचे. वाऱ्यानं जाळी सैल झाली की ह्या वयात शिडी चढून आवळायचे.

गेल्या उन्हाळ्यात हायस्कूलच्या शेवटच्या स्पर्धेत तन्मयची टीम हरली. इथं तिसऱ्या वर्षाची मुलं हरली की तिथंच त्यांचा शाळेचा खेळ संपतो. सगळे ओळीत उभे राहून मैदानाला वाकले आणि वाकलेलेच राहिले, कारण उठलं तर तोंडं दिसली असती. मी स्टँडमध्ये डोक्याला टॉवेल गुंडाळून रडत होते, आणि आत कुठंतरी, देवा, एक छोटा आनंदही होता. संपलं. आता घरी.

पण दूर उत्तरेकडच्या सेंदाईच्या एका युनिव्हर्सिटीच्या कोचनं त्याला पाहिलं होतं. टीमच्या होस्टेलवर राहायचं, शिकायचं, खेळायचं. तन्मयनं आम्हाला सांगण्याआधी आजोबांना फोन लावला. त्याचं मराठी म्हणजे आमच्या घरातली पिठलं-भाकरी, जपानी चटणी लावलेली. "आजोबा, मला इथंच खेळायचंय. त्या जाळीत नाही येऊ शकत. गोमेन... सॉरी."

अण्णा म्हणाले, "सॉरी कसलं रे? खेळाडू खेळ असेल तिथं जाणार. टाच उचललेली ठेव." आवाज अगदी खणखणीत.

दुसऱ्या दिवशी मला फोन आला. आवाज खणखणीत नव्हता. "पोरगा सेंदाईला जाणार. होस्टेलात राहणार. मग आता तुम्ही दोघं कुणासाठी थांबलाय तिथं?"

मी एरवी बोलायला लागले की समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. त्या दिवशी मी फोन कानाला धरून ओटा पुसायला लागले. खरं उत्तर एवढंच होतं की त्यानं कधी नवीन वर्षाला यायचं म्हटलं, तर यायला घर असावं. वर्षातून चार दिवस येईल न येईल अशा मुलासाठी मी रोज वाट बघणाऱ्या बापाला नाही म्हणत होते. हे फोनवर कसं सांगणार? मी म्हणाले, "बघू अण्णा." ते म्हणाले, "बघा." त्यानंतर दर रविवारी बोलायचो, हवापाणी, गुडघे, जेवण. तो प्रश्न परत कुणी काढला नाही.

आणि मग मार्चमधली ती सकाळ, ती साडी, तो परक्यासारखा नमस्कार.

तो गेल्यावर दोनेक आठवड्यांनी मी जळणारा कचरा घेऊन खाली गेले. समोरच्या दारातल्या मोरिता-सान तिथं होत्या. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या, पहाटे उठून कॉरिडॉरमधल्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या. म्हणाल्या, "सकाळ आता फार सुनी वाटते. तन्मय-कुन वाकायचा ते दिसत नाही."

मला वाटलं त्यांना वाकायचा. म्हटलं, "हो, शिकवलंय त्याला, मोठ्यांना नमस्कार करायचा."

"मला तर करायचाच," त्या हसल्या. "पण आधी तुमच्या दाराला. दार लागलं की टोपी काढायचा, बॅग खाली ठेवायचा, आणि मैदानाला करतात तसा वाकायचा. रोज. मी एकदा विचारलं, आत कुणी बघत नाहीये, मग कशाला? तर म्हणाला, मैदानही बघत नाही."

बरं झालं, कचऱ्याची पिशवी आधीच टाकली होती. मी जिन्यानं वर आले आणि आमच्या दारासमोर, बाहेरच्या बाजूला, उभी राहिले. तीन वर्षं. ह्या बाजूला माझा मुलगा टोपी छातीशी धरून वाकलेला, आणि त्या बाजूला मी पाठ फिरवून कांदा परतणारी. त्या दिवशी त्यानं वेगळं काहीच केलं नव्हतं. रोजचंच केलं होतं, फक्त दार उघडं होतं. आणि मी पाऊल पुढे सरकवून उभी होते! मला हसू यायला लागलं आणि ते हसू भलतीकडेच गेलं. मोरिता-सान लिफ्टनं वर आल्या, मला पाहिलं, कुंड्यांकडे वळल्या आणि आधीच पाणी घातलेल्या कुंड्यांना परत पाणी घालत राहिल्या.

रविवारी अण्णांना सगळं सांगितलं. साडीपासून, पावलापासून, नकला करून. ते खूप हसले. स्क्रीनवर त्यांच्यामागे गच्चीचं दार उघडं होतं आणि जाळीचा एक कोपरा दिसत होता.

मी म्हटलं, "अण्णा, एक विचारू? मी निघाले त्या दिवशी तुम्ही शाळेत फक्की मारत होतात. सुट्टीत. ती कुणासाठी?"

ते चष्मा पुसायला लागले. "सुट्टी संपल्यावर मुली यायच्या होत्या ना."

"सुट्टी संपायला महिना होता. एका वळवात गेली असती सगळी फक्की."

"गेलीच."

"मग?"

"मग काय. परत मारली."

त्यांनी चष्मा घातला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "समजलं मला. थांबा तिथंच. पोराला यायला जागा पाहिजे." मग जरा वेळानं, दुसरीकडे बघत, "जाळी असू दे इथं. मला काय, शिडी आहे."

मला घर म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर आता मला दोन जागा सांगाव्या लागतात, आणि दोन्हीकडे ज्याच्यासाठी त्या राखल्यात तो माणूस नाही. मी अजून पहाटे पाचलाच उठते. एकच डबा असतो, प्रसादचा. तो निघाला की मी गॅस बंद करते, बूट घालून बाहेर येते, दार लावून घेते आणि दाराकडे तोंड करून वाकते. पाठ ताठ राहत नाही माझी, वय झालं. मोरिता-सान कुंड्यांना पाणी घालत असतात. त्या माझ्याकडे बघत नाहीत, आणि मी वर उठेपर्यंत पाणी घालायचं थांबवत नाहीत.