खाली वळवलेला आरसा

माझी नोकरी वीज खात्यातली. बंद घरात दिवा लागला, तर आधी वायरिंग तपासणारा मी माणूस. संकेत, आत्मे वगैरे... कधी पटलं नाही, आजही पटत नाही. पण आमच्या हुडकेश्वरला माझ्या नावावर जो पराक्रम सांगतात, तो माझा नाही — एवढं डोळे मिटण्याआधी लिहून टाकायचं आहे.

आम्ही पाच म्हातारे रोज सकाळी सायकलने बेसाला जायचो. चहा घ्यायचा आणि परत. एकामागे एक, रांगेत. सगळ्यात मागे नामदेव, कारण त्याच्या हँडलला उजवीकडे आरसा होता. मागून काही आलं की तो ओरडायचा, "गाडी!" आणि आम्ही डावीकडे सरकायचो. त्याच्या भरवशावर निर्धास्त चालवायचं आणि टिंगलही त्याचीच करायची. मी सगळ्यात पुढे. "काहून गा नामदेव, सायकल चालवून रायला का भांग पाडून रायला?" तो टोपी उचलून टक्कल दाखवायचा.

मागच्या उन्हाळ्यात नामदेव झोपेतच गेला. वहिनींनी तो आरसा माझ्या हातात ठेवला. नाही म्हणवेना. पण इतकं हसल्यावर आता मीच आरसा लावून हिंडायचं? लाज वाटली. वहिनींना दिसावा म्हणून सायकलला बसवला खरा... पण काच खाली रस्त्याकडे वळवली आणि पान्याने नट घट्ट आवळला.

पावसाळा सरला होता, लख्ख ऊन होतं. बेसा रोडवर आम्ही चौघं; आरसा माझ्याकडे, म्हणून आता सगळ्यात मागे मी. माझा उजवा कान अधू आहे. सहज नजर आरशावर गेली आणि त्यात टिपर दिसला. नारिंगी केबिन, बंपरला लिंबू-मिरची, अन् थेट आमच्या रांगेवर येणारा.

"गाडी!" मी ओरडलो. चौघंही कडेच्या मुरमावर उतरलो, मी तर सायकलसकट आडवा. आम्ही होतो तिथूनच टिपर गेला आणि पुढे नालीत तिरपा थांबला. ड्रायव्हरला डुलकी लागली होती. तोही धडधाकट, आम्हीही.

सायकल उचलली. आरशाची काच खालीच होती. तिच्यावर वाळलेल्या चिखलाचा थर. नट हाताने हलेना. समोर टिपर — नारिंगी केबिन, बंपरला लिंबू-मिरची.

दोस्त म्हणाले, "बुढ्याचे कान लय तेज आहेत गा!" मी नुसती मान डोलावली. ज्येष्ठ नागरिक मंडळाने सत्काराची शाल दिली, तीही घेतली. पांघरवली मात्र नाही.

शेवटी शाल घेऊन वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. वाटलं, रडतील. त्या हसल्या.

"भाऊजी, मागचं पाहाचं काम त्यायचंच होतं. तुमाले कुठं जमते?"

मग मंडळाच्या सभेत माइकवर उभं राहून मी खरं ते सांगितलं आणि शाल वहिनींना दिली. इतक्या टाळ्या माझ्या सत्काराला पडल्या नव्हत्या. आता आम्हा चौघांच्याही सायकलींना आरसे आहेत. दोस्त मलाच विचारतात, "भांग पाडला का गा?" मी खुशाल टोपी उचलतो.

नामदेवच्या आरशाची काच मी सरळ केली. आता तिच्यात जे मागे असतं, तेच दिसतं. त्या सकाळी खाली वळलेल्या काचेत टिपर कसा दिसला, त्याचं वायरिंग मला अजून सापडलेलं नाही. आम्ही चौघंही मात्र रोज बेसाला पोहोचतो.